पावसाची चित्रं विकत कोण घेतं?

मी काय विकायला निघाले होते ते आधी सांगते. एक उभा कागद. वरच्या टोकाला मृगाचा पहिला दिवस, तळाला हस्ताचा शेवटचा. मधल्या प्रत्येक दिवसाला एक आडवी ओळ, आणि त्या दिवशी जितके मिलिमीटर पाऊस झाला तितक्या बारीक तिरप्या रेघा त्या ओळीत. एक मिलिमीटर, एक रेघ. नक्षत्र बदललं की शाईचा रंग बदलतो. मृग, आर्द्रा, तरणा (पुनर्वसू), म्हातारा (पुष्य), आश्लेषा, मघा असं करत नवव्या रंगाला हस्त. गाव तुम्ही सांगायचं, साल तुम्ही सांगायचं.

रेघा मी हाताने काढत नाही. मी लिहिलेला प्रोग्राम आकडे वाचतो, प्रत्येक रेघेची जागा आणि तिरपेपणा ठरवतो, आणि प्लॉटर नावाचं यंत्र खरं पेन धरून त्या कागदावर उमटवतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणलेल्या स्टेपर मोटर, त्या चालवणारं आर्डुइनो नावाचं छोटं सर्किट बोर्ड आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जोडून हे यंत्र घरीच तयार केलंय. आकडे हवामान खात्याचे. आपण पुणेकर ज्याला अजून सिमला ऑफिस म्हणतो तिथून 1901 पासूनचा रोजचा पाऊस देशाच्या नकाशावरच्या पाव अंशाच्या चौकोनांत विभागून मिळतो. एक चौकोन साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचा. आजीच्या लग्नाच्या सालचा पाऊससुद्धा त्यात आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर आकडेच बघत बसले होते.

यंत्राने काढलेली चित्रं जगात नवी नाहीत. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये गेऑर्ग नेस यांनी 1965 मध्ये संगणकाने काढलेल्या रेखाटनांचं प्रदर्शन मांडलं होतं. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या वेरा मोलनार 1968 पासून प्लॉटरवर काम करत होत्या, आणि 2023 च्या डिसेंबरात, शंभरीला महिना उरला असताना गेल्या. पण आपल्याकडच्या दिवाणखान्यात हे अजून आलेलं नाही. म्हणून प्रश्न साधा होता: हे कुणी पैसे देऊन घेईल का? आणि घेईल तर नक्की काय घेईल? फाइल, छापील प्रत, की पेनाने काढलेला मूळ कागद?

ओळखीतल्या बऱ्याच जणांनी पहिला सल्ला दिला तो एनएफटीचा, म्हणजे डिजिटल फाइलची मालकी क्रिप्टोच्या बाजारात विकण्याचा. मार्च 2021 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात बीपल या चित्रकाराची एक डिजिटल फाइल 6 कोटी 93 लाख डॉलरना गेली, तेव्हापासून डिजिटल चित्र म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. मी त्याचा नीट विचार केला. आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि 1 जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएस. पण करापेक्षा मोठं कारण वेगळं होतं. ज्याला तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस यातला फरक माहीत आहे, तो माणूस त्या बाजारात नव्हता. माझं गिऱ्हाईक एसटीने गावाला जाणारं होतं. त्याच्याकडे क्रिप्टोचं वॉलेट असायचं काही कारण नव्हतं.

सुरुवात मी चित्र न दाखवता केली. नात्यातल्या, सोसायटीतल्या, ऑफिसातल्या माणसांना चित्र दाखवलं तर ती ‘वा, किती छान’ म्हणणार हे ठरलेलं. त्या कौतुकाचा मान राखूनही त्यावर धंद्याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून मी उलटे प्रश्न विचारले. तुमच्या हॉलच्या भिंतीवर आत्ता काय आहे? ते कुठून आलं? शेवटचं चित्र तुम्ही स्वतः पैसे देऊन कधी घेतलंत, किती दिले?

उत्तरं फार उपयोगाची निघाली. बहुतेक घरांत भिंतीवरची वस्तू वास्तुशांतीला किंवा लग्नात आलेली होती. विठ्ठल, गणपती, बुद्ध, धावणारे सात घोडे. स्वतः घेतलेलं चित्र म्हणजे नव्या फ्लॅटचं इंटीरियर करताना सोफ्याच्या वर जागा रिकामी दिसली म्हणून ऑनलाइन मागवलेला तीन तुकड्यांचा संच. चित्र म्हणून चित्र घेतलेली घरं अगदी थोडी. पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाने आपणहून सांगितली. दुसऱ्याला काय द्यायचं हा प्रश्न सतत पडतो. आईवडिलांची पन्नाशी, काकांची पंचाहत्तरी, मैत्रिणीचं बाळ, सेवानिवृत्ती. चांदीची वाटी आणि शाल यापलीकडे सुचत नाही, आणि त्यासाठी दोन-तीन हजार रुपये सहज बाजूला काढले जातात. म्हणजे पैसे होते, पण ते भिंतीच्या खात्यात नव्हते, भेटीच्या खात्यात होते. तिथून पुढे मी चित्राबद्दल बोलताना ‘तुमच्या घरासाठी’ हे शब्द टाळले आणि ‘कुणाला द्यायचंय?’ असं विचारायला लागले.

मग तिन्ही रूपं तयार केली. फाइल 250 रुपयांना. चांगल्या जाड कागदावर पिगमेंट शाईने छापलेली प्रत 900 ला. प्लॉटरने पेनाने काढलेला मूळ कागद 1,800 ला, फ्रेमसकट 2,900. तिन्हींत चित्र तेच, आकार तोच. नमुना म्हणून माझ्या आजोळचं, माण तालुक्यातलं एक वर्ष आणि चिपळूणकडचं एक वर्ष शेजारी शेजारी ठेवलं. फक्त आवडलं असं सांगून कुणाला सुटता येऊ नये म्हणून 200 रुपयांचं बुकिंग ठेवलं. यूपीआयने भरायचे, चित्र पसंत नाही पडलं तर परत. शाळेच्या आणि गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते टाकलं.

अंगठे आणि हात जोडलेले नमस्कार खूप आले. गावाचं नाव आणि साल लिहून पाठवणारे त्याच्या चौथ्या हिश्श्याइतके. 200 रुपये भरणारे त्याहून पुष्कळ कमी. माझ्या दृष्टीने मोजायची माणसं तेवढीच. पण मधला गट मी सोडून दिला नाही. गाव आणि साल लिहिणाऱ्या प्रत्येकाला फोन केला, हेच साल का, असं विचारलं, आणि तिथे मला बाजार खऱ्या अर्थाने दिसायला लागला. जन्मसाल मागणारे होते, पण माझ्या अंदाजापेक्षा कमी. ‘आमची विहीर खोदली ते साल.’ ‘आईबाबांचं लग्न झालं आणि वऱ्हाड ओढ्याला पाणी आल्यामुळे पलीकडेच राहिलं ते साल.’ पुण्याच्या जुन्या पेठांतले लोक 1961 मागत होते, पानशेतचं साल म्हणून. मी त्यांना आधीच सांगायचे की 12 जुलैचा तो पूर धरण फुटल्याचा, त्या दिवसाच्या ओळीत पुराएवढं काही दिसायचं नाही. तरीही त्यांना तेच साल हवं असायचं.

मुंबईकरांचं साल अर्थातच 2005. त्या चित्रात एका ओळीत रेघांवर रेघा चढून कागद जवळजवळ काळा होतो, पेनाचं टोक झिजतं, कागदाचा पोत उसवतो. 26 जुलैच्या त्या महापुरात सांताक्रूझच्या केंद्रावर चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. चौकोनाची सरासरी त्याहून कमी भरते, तरी ओळ डोळ्यात भरतेच. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, ‘मॅडम, 26 जुलैची ओळ साधी कशी? काळी ओळ तर 27 ची आहे.’ उत्तर मला माहीत होतं, पण ते चित्राच्या सोबत लिहून द्यायला हवं हे त्या प्रश्नाने पटलं. हवामान खातं पाऊस मोजतं सकाळी साडेआठला, आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. 26 ला सकाळी साडेआठनंतर कोसळलेला पाऊस म्हणून 27 च्या नावावर. त्या गृहस्थांनी हे ऐकल्यावर बायकोला फोन लावून सांगितलं आणि दोन प्रती मागवल्या, एक भावासाठी. तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या पाठीवर मी चौकोनाचे अक्षांश-रेखांश, आकड्यांचा स्रोत आणि साडेआठचा हा नियम हाताने लिहिते. लोक फ्रेम उलटी करून ते वाचतात, आणि वाचल्यावर भाव पाडून मागत नाहीत.

फाइलला इथे कुणी विचारलं नाही. ‘तेवढं व्हॉट्सॲपवर पाठवा ना,’ एवढंच. स्क्रीनवरच्या चित्राला पैसे पडतात ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही, आणि त्याला कारणही आहे. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी 2018 मध्ये निळ्या-लाल पट्ट्यांतून तापमानवाढ दाखवणारी चित्रं केली, आपापल्या प्रदेशाच्या पट्ट्या लोकांनी फुकट उतरवून घेतल्या आणि जगभर लावल्या. आकड्यांचं चित्र पडद्यावर फुकट असतं, हे लोकांना सवयीचं आहे आणि त्या कामाच्या बाबतीत ते योग्यही आहे. पण न्यू जर्सीतल्या मामेबहिणीने तिकडच्या मराठी ग्रुपवर नमुने टाकले तेव्हा गणित बदललं. तिकडे कागद कुरिअरने पाठवायचा खर्च चित्राच्या किमतीच्या वर जातो. त्यांनी आपणहून फाइल मागितली, तिकडेच चांगल्या कागदावर छापून घेऊ म्हणाले, आणि 20 डॉलरला कुणी कुरकुर केली नाही. एकच फाइल, इथे अडीचशेला नको आणि तिकडे त्याच्या कितीतरी पट पैशांना हवी. बाजार चाचपायचा तर एका शहरात चाचपून निकाल लावू नये, हे मला त्यावरून कळलं.

छापील प्रत मधल्यामध्ये अडकली. 900 रुपये म्हटले की लोक घासाघीस करायचे, कारण छापलेल्या कागदाची किंमत त्यांना साधारण ठाऊक असते. मूळ कागद हातात दिला की तेच लोक तो तिरपा धरून बघायचे. शाई किंचित उठलेली दिसते, एखाद्या रेघेच्या शेवटी पेन टेकल्याचा ठिपका असतो. ‘हे खरंच पेनाने काढलंय?’ या प्रश्नानंतर 1,800 चा आकडा सांगायला मला संकोच वाटेनासा झाला. छापील प्रत मी बंद केली.

डिसेंबरात कोथरूडमध्ये एका प्रदर्शनात स्टॉल घेतला. प्लॉटर टेबलावर पुढेच ठेवला, चालू. गर्दी झाली, म्हणजे खरोखरच रस्ता अडेल इतकी. मुलं तर हलायला तयार नव्हती. पण लोक विचारायचे ते यंत्राबद्दल. ही मशीन केवढ्याला, कुठे मिळते, हिच्यावर रांगोळी काढता येईल का, पत्रिका छापता येतील का. विक्री बेताची. दुसऱ्या दिवशी यंत्र घरीच ठेवलं आणि स्टॉलच्या मागच्या पडद्यावर फक्त तयार चित्रं लावली: कोकणचं एक, घाटमाथ्याचं एक, माणदेशातलं एक, मराठवाड्यातलं एक. खाली गावांची नावं आणि सालं, मोठ्या अक्षरांत. गर्दी निम्म्यानेही उरली नाही. पण थांबलेली माणसं लांबून नाव वाचून जवळ यायची, ओळींवरून बोट फिरवायची आणि आपल्या गावाचं नाव सांगायची. त्या दिवशी बुकिंग आदल्या दिवसाच्या दुपटीच्या वर गेलं. ज्यांना यंत्र दाखवायचंय त्यांनी जरूर दाखवावं, ते बघण्यासारखंच आहे. मला मात्र पावसाचं गिऱ्हाईक हवं होतं.

तिथेच किमतीचा सगळ्यात अवघड प्रश्न समोर आला. चिपळूणकडच्या एका वर्षाला तीन हजारांच्या वर रेघा लागतात, यंत्र तासन् तास चालतं, पेनं बदलावी लागतात. दुष्काळी माण तालुक्यातल्या दहिवडीकडच्या कित्येक वर्षांना तीन-चारशे रेघा पुरतात, पंधरा मिनिटांत काम संपतं. एका काकांनी सरळच विचारलं, ‘ताई, ह्यात तर काहीच नाही, तरी पैसे तेवढेच?’ प्रश्न रास्त होता. रेघांवर किंमत लावायची का? माझ्या नवऱ्याचं मत होतं, लावावी; शाई आणि वेळेचा हिशेब स्वच्छ राहतो. मी दोन्ही भाव कागदावर मांडून बघितले. दुष्काळी तालुक्याचं चित्र 700 ला आणि कोकणचं 2,200 ला पडत होतं. ते मला लावावंसं वाटेना.

याचा निकाल एका बाईंनी लावला. नगरकडच्या, पुण्यात बँकेत नोकरीला. वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी त्यांना 1972, मोठ्या दुष्काळाचं साल, हवं होतं. मी त्यांना आधीच स्क्रीनवर दाखवलं की कागद जवळजवळ कोरा असेल, वरच्या भागात मृगाच्या थोड्या रेघा, मध्ये एका ठिकाणी चार-पाच ओळी भरलेल्या, बाकी पांढरं. त्या म्हणाल्या, ‘असंच पाहिजे.’ वडील त्या साली खडी केंद्रावर खडी फोडत होते, घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी असायची, मुलांना सुकडी मिळायची. हे सगळं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. चित्र पोचल्यावर त्यांचा फोन आला. वडिलांनी चष्मा लावून ओळी वरून खाली मोजत आणल्या, त्या भरलेल्या चार-पाच ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हा. ह्या पावसावर हुलगा पेरला होता, तोबी गेला.’ मग नातवंडांना त्या कोऱ्या भागातला एकेक आठवडा सांगत बसले. बाईंनी चित्राची पूर्ण किंमत आधीच भरली होती, आणि त्यांच्या चुलत भावंडांकडून त्याच सालाच्या आणखी मागण्या आल्या. किंमत सगळ्या सालांना, सगळ्या तालुक्यांना एकच राहील हे मी त्या फोननंतर ठरवलं. कोऱ्या कागदाला कमी पैसे घेणं म्हणजे त्या सालाची किंमत मी ठरवल्यासारखं झालं असतं.

मोठी मागणी आली ती वेगळ्याच दिशेने. एका इंटीरियर डिझायनरने एका कंपनीच्या ऑफिससाठी एकदम पुष्कळ चित्रं मागितली. पैसे चांगले होते, आगाऊ रक्कमही देणार होते. अट एवढीच की रंग निळा-करडा ठेवायचा, आणि ज्या चित्रांत मध्ये फार मोकळी जागा आहे तिथे ‘थोड्या रेघा वाढवून’ बॅलन्स करायचा. रंगाचं मी लगेच मान्य केलं. नक्षत्रांचे रंग निळ्या-करड्यातल्या छटांत बसवता येतात. रेघा वाढवायला नाही म्हटलं. ऑगस्टातला खंड हा त्या चित्राचा भाग आहे. खंड पडला म्हणून पिकं करपली, त्या जागी शोभेसाठी पाऊस पाडायचा अधिकार मला नाही. त्यांना ते पटलं नाही आणि काम दुसरीकडे गेलं. ती मागणी खरी होती. सजावटीच्या भिंतींना अशी चित्रं खपतील हे मला आता माहीत आहे. मला तो बाजार नको आहे, इतकंच.

अचूकतेवरून आणखी एक गोष्ट शिकले. पाव अंशाचा चौकोन सपाट मुलखात चालून जातो, पण सह्याद्रीच्या कुशीत तो मोठा अन्याय करतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून तीसेक किलोमीटर खाली उतरलं की वाईला त्याचा लहानसा हिस्सा. दोन्ही गावं एका किंवा शेजारच्या चौकोनांत सरासरीने मिसळतात. वाईकडच्या एका गिऱ्हाइकाने चित्र बघून ठामपणे सांगितलं, ‘एवढा पाऊस आमच्यात कधीच नसतो.’ त्यांचं खरं होतं. घाटाच्या पट्ट्यातल्या मागण्यांना मी आता आधी तालुक्याच्या किंवा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे मिळतात का ते बघते. जुन्या सालांचे मिळत नाहीत. तेव्हा तसं सांगते आणि बुकिंगचे 200 परत करते. काही जण तरीही घेतात.

वाईच्या त्या गृहस्थांनी महिन्याभराने एक वही आणून दाखवली. वडिलांची, शेताच्या हिशेबाची. मजुरी आणि बियाण्याच्या रकमांमध्ये मधेच ओळी: ‘मृग कोरडा.’ ‘आर्द्रा, दोन सरी, वाफसा नाही.’ ‘तरणा चांगला, ओढा वाहिला.’ मिलिमीटर कुठेच नाहीत. याचं चित्र करता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी करून बघतेय. ‘दोन सरी’ म्हणजे किती रेघा, हे मी एकटीने ठरवणार नाही, त्यांच्यासोबत बसून ठरवायचं आहे. अशा वह्या आणखी घरांत असतील, आणि त्यांच्यासाठी वेगळी, जास्त किंमत द्यायला लोक तयार होतील असा माझा अंदाज आहे. त्याची चाचणी अजून व्हायची आहे.

या सगळ्या खटाटोपात एक मागणी मात्र मी कुठेच मांडली नव्हती, ती लोकांनीच मांडली. ‘यंदाचं मिळेल का?’ नातू झालाय, नवं घर घेतलंय, पहिल्यांदाच स्वतः शेती करतोय. न पडलेल्या पावसाचं चित्र लोक आधी पैसे भरून मागत होते, आणि ते कसं येईल याची त्यांना उत्सुकता होती. म्हणून यंदापासून त्याची वेगळी नोंदणी ठेवली आहे. अक्षय्य तृतीयेला सुरू, मृग निघाला की बंद. निम्मे पैसे आधी. दर नक्षत्र संपलं की तोवरच्या ओळींचा फोटो फोनवर जाईल, हस्त सरला की पूर्ण कागद प्लॉटरवर चढेल आणि दिवाळीच्या आत नळीत गुंडाळून घरपोच. काच प्रवासात टिकत नाही, त्यामुळे फ्रेम ज्याची त्याने गावातल्या फ्रेमवाल्याकडून करून घ्यायची. सध्या नोंदणीत सगळ्यात जास्त गावं माण, खटाव आणि आष्टी या तीन तालुक्यांतली आहेत.